माझ्या रक्तातला दादा

नागपूरला मी आता तीन-तीन महिन्यांनी तपासणीला जाते. मागच्या खेपेला ओपीडीबाहेरच्या बाकावर एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. हिंगणघाटकडच्या होत्या. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला नुकताच तोच आजार निघाला होता, जो मला झाला होता. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं असावं की त्या बाईंचं सगळं करून झालं आहे, त्यांना विचारा. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, "खरं सांगा ताई, याच्यातून मानूस उठते का?"

मी "उठते" म्हणाले. पुढे बोलणार तोच माझं नाव पुकारलं गेलं, आणि मी आतून परत येईपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये ते मनाला लागून राहिलं. उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. उठतं माणूस, पण कसं उठतं, कोणाच्या हातांनी उठतं, मधे काय काय होतं, हे सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहिते आहे. औषधांची नावं यात नाहीत. ती ज्याची त्याला वेगळी असतात आणि डॉक्टरांनीच सांगावीत. बाकीचं मला सांगता येईल.

निळे डाग

मी आर्वीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझे पती सुधाकर बाजार समितीत कारकून आहेत. आमची मुलगी सम्यका तेव्हा दहावीत होती. माहेर तळेगावचं. तिथे आई, माझा मोठा भाऊ सिद्धार्थ, म्हणजे दादा, आणि कांचनवहिनी राहतात.

त्या पावसाळ्यात मला शाळेचा जिना चढवेना. वरच्या वर्गापर्यंत पोचले की दोन मिनिटं हजेरीच घेता यायची नाही, इतकी धाप लागायची. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बायकांचं रक्त कमीच असतं, हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं की मलाही ते पटलं. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर निळे डाग दिसू लागले. सम्यका विचारायची, कुठे आपटलीस? मी कुठेच आपटले नव्हते. एक दिवस आंघोळीच्या वेळी पाहिलं तर परकराची नाडी जिथे बांधते, तिथे कमरेभोवती जांभळा पट्टा उमटला होता. त्या दिवशी मी घाबरले.

आर्वीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. लॅबवाल्यानं तेच रक्त दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा आलेल्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसला नाही. तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, तिन्ही खाली गेल्या होत्या. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सुधाकरना म्हणाले, आजच वर्ध्याला न्या, उद्यावर टाकू नका.

निदानाचा दिवस

वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयात त्यांनी माझ्या कमरेच्या हाडातून सुईनं मज्जेचा नमुना काढला. ती जागा आधी बधिर करतात, तरी आत काहीतरी ओढल्यासारखी एक कळ येते. ती येते आणि जाते. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांनी तिच्या भीतीनं आठवडाभर झोप घालवू नये, एवढंच सांगते.

रिपोर्ट आला त्या दिवशी सुधाकर चहा आणायला खाली गेले होते. तेवढ्यात मला आत बोलावलं. डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हणाले, विज्ञान शिकवते, पेशीविभाजन, मूलपेशी, सगळंच. "मग तुम्हाला सांगणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. ते दोघींनाही सोपं गेलं नाही.

वर्गात मी कित्येक वर्षं मुलांना कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड दाखवत आले. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की पेशींची नुसती दाटी दिसते. कुठली विभागायला निघालेली, कुठली विभागून नुकतीच दोन झालेली. आपल्या हाडांतल्या मज्जेतही अशीच दाटी असते. तिथल्या एका मूलपेशीच्या दोन होतात. एक मागे मूलपेशीच राहते. दुसरी पुढे जाते आणि तांबडी, पांढरी, जी गरज असेल ती होते. जन्मल्यापासून हे काम आपल्या हाडांत चाललेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तुमच्या स्लाइडमध्ये पेशी जवळजवळ नाहीत. जिथे त्या असायला हव्यात तिथे चरबी दिसते आहे. तुमचं शरीर स्वतःच्याच मूलपेशींना परकं समजून मारतं आहे.

कॅन्सर आहे का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, याला अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात, पण म्हणून हा साधा आजार नाही. औषधांनी काही काळ निभावता येईल. तुमच्या वयाला, भाऊ किंवा बहीण जुळत असेल, तर त्याच्या मूलपेशी घेणं हा चांगला रस्ता आहे.

सुधाकर चहाचे दोन कप घेऊन आले तेव्हा मी बाहेर बसले होते. मी त्यांना तिथे सांगितलंच नाही. चहा प्यायला, कँटीनमध्ये आलूबोंडा खाल्ला, आणि ऑटोत बसल्यावर सांगितलं. ते बसस्टँड येईपर्यंत दर वळणाला ऑटोवाल्याला म्हणत राहिले, "सावकाश चालव भाऊ. गचका नको देऊ." शेवटी ऑटोवाल्यानं वळून माझ्या पोटाकडे पाहिलं. मी गरोदर आहे असं त्याला वाटलं असावं.

रक्ताची माणसं

पुढचे काही महिने मी दुसऱ्यांच्या रक्तावर जगले. दर आठ-दहा दिवसांनी वर्ध्याला जायचं, पलंगावर पडायचं, पिवळसर प्लेटलेटची पिशवी चढवून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. शाळेतले सहकारी, सुधाकरच्या कार्यालयातले लोक, माझे जुने विद्यार्थी रक्त द्यायला वर्ध्याला जात. कितीतरी जणांची नावंही मला कळली नाहीत. एक माजी विद्यार्थिनी भेटली, तिला मी नववीत दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं म्हणे. ती हसत म्हणाली, मॅडम, आता हिशेब बरोबर. मी त्या दिवशी पिशवीकडे पाहत पडून राहिले आणि मला फार बरं वाटलं.

घरात मात्र सगळं सुरळीत नव्हतं. सुधाकर सम्यकावर क्षुल्लक गोष्टींवरून ओरडायचे. दार जोरात लावलं, पाणी सांडलं, असं काहीही. ती माझ्यासमोर रडायची नाही, न्हाणीघरात नळ सोडून रडायची. एकदा तिनं विज्ञानाचं पुस्तक उघडून मूलपेशींचं पान माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "आई, हे जे तू शिकवतेस, ते खरंच करतात?" मी म्हणाले, करतात. तिनं पान बंद केलं नाही, तसंच धरून बसली.

तळेगाव

मला एकच भाऊ. भावंडात जुळण्याची शक्यता चारात एक. दादाच्या रक्ताचा नमुना गेला आणि उत्तर आलं, पूर्ण जुळतं आहे. डॉक्टर मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा सुधाकरनी स्वयंपाकघरात येऊन माझे दोन्ही हात धरले. दादा फोनवर लगेच म्हणाला, "मंग काय, कवा येऊ ते सांग."

त्यानंतर दादाचा फोन लागेना. लागला तर उचलला जाईना.

इथे दादाच्या कामाबद्दल सांगायला हवं. दादा आमच्या भागातल्या रोपवाटिकांमध्ये संत्र्याच्या कलमा बांधतो. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची. दिवसभर उकिडवं बसून, वाफ्यातून सरकत सरकत. हिवाळ्यात हंगाम असतो. त्याची कमर आणि त्याची बोटं यांवर त्यांचं घर चालतं. आणि गावात कोणीतरी कांचनवहिनीला सांगितलं होतं की हाडातला मगज काढला की माणूस कमरेतून जातो, पुन्हा खाली बसता येत नाही.

सुधाकर तळेगावला जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. वहिनीनं त्यांना चहा दिला होता, जेवायला बसवलं होतं, आणि मग सरळ म्हटलं होतं, "त्यायच्या कमरेले काई झालं त आमाले कोन पायते?" दादा मान खाली घालून बसला होता. तो नाही म्हणत नव्हता, पण बायकोच्या शब्दाबाहेरही जात नव्हता. सुधाकरनी आईकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "मले दोनी डोळे सारखेच, बापा. मी काय बोलू?"

मी खूप चिडले. वहिनीविषयी जे बोलू नये ते सुधाकरजवळ बोलले. तेही बोलले. मग मी थकले आणि आडवी झाले. पडल्या पडल्या मनात आलं की तिच्या जागी मी असते आणि सुधाकरच्या हाडाला कोणी सुई लावणार असतं, तर मीही असंच म्हटलं असतं. हे मनात आलं तरी राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असतं.

वहिनीचे प्रश्न

तीन-चार दिवसांनी मी वर्ध्याला प्लेटलेट घेत पडले होते. दारात कांचनवहिनी उभी. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. ती एकटीच एसटी बदलत आली होती. मला "कशा हाये" असंही न विचारता ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तुमच्या डॉक्टरीन बाईले मले भेटाचं हाय."

डॉक्टर मॅडम राउंडला आल्या तेव्हा वहिनी उठून उभी राहिली. तिनं एकेक प्रश्न विचारला. किती मोठी सुई, कुठं टोचता, किती काढता, गुंगी देता का, गुंगीतून माणूस उठला नाही असं झालं आहे का. डॉक्टर मॅडमनी कशाचंही उत्तर टाळलं नाही. काही दिवस कमर दुखेल, म्हणाल्या. गुंगीचा धोका असतो, तो थोडा असतो, पण नाहीच असं मी म्हणणार नाही. हाड कापत नाही, आतली मज्जा सुईनं ओढून घेतो. आणि जेवढी काढतो तेवढी काही आठवड्यांत पुन्हा भरते, कारण त्यांच्या मूलपेशी विभागत राहतात. पाझर चांगला असलेल्या विहिरीतून पाणी उपसलं तर ती परत भरते, तसं.

"अन् मंग ते बसतीन का खाली? कलमा बांधाले?"

"बसतील. एक-दीड महिना जड काम नको. मग बसतील."

वहिनीला अजून एक विचारायचं होतं. मग तिनं विचारलं, "तुमचा नवरा असता त तुमी देऊ देलं असतं?"

डॉक्टर मॅडमनी हातातली फाइल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दिलं असतं. आणि तुमच्यासारखीच घाबरलेही असते."

त्या गेल्यावर वहिनी परत स्टुलावर बसली. माझ्या दंडावरचे डाग तिनं पहिल्यांदाच नीट पाहिले. पिशवीतून डबा काढला, ज्वारीची भाकर आणि मुंगाची वडी केलेली होती. पेशी देण्याघेण्याचं सगळं नागपूरच्या रुग्णालयात व्हायचं होतं. मला म्हणाली, "नागपूरले तुमच्यापाशी कोन थांबनार हाय?" मी म्हणाले, अजून ठरलं नाही. सुधाकरची नोकरी, सम्यकाची परीक्षा, आईचं वय.

"मंग मी थांबतो," ती म्हणाली. "त्यायले बी मीच पायतो अन् तुमाले बी. कोनावर सोपवून मी घरी बसू शकत नाई."

काचेच्या आत

नागपूरच्या रुग्णालयात मला एका वेगळ्या खोलीत ठेवणार होते; तिथे जाण्याआधी माझे केस काढले. औषधांनी ते गळणारच होते. खोलीला एक मोठी काच होती, तिच्यापलीकडे येणारी-जाणारी माणसं दिसायची. आत येणाऱ्यानं हात धुवायचे, तोंडाला मास्क, अंगात गाऊन. सोबतीला एकच माणूस, आणि ते माणूस वहिनी.

रोज सकाळी वजन, रक्त, तोंडाच्या गुळण्या. जेवण कुकरमध्ये शिजलेलं, पाणी उकळलेलं. कच्चं फळ बंद. संत्र्याच्या हंगामात तळेगावच्या माणसाला संत्रं बंद, यावर दादानं पुष्कळ विनोद केले. आधी काही दिवस माझी उरलीसुरली मज्जा आणि ती बिघडलेली प्रतिकारशक्ती औषधांनी पूर्ण पुसून टाकली. हे दिवस कठीण होते. उलट्या होतात, थंडी वाजते, आपल्याच अंगाचा वास नकोसा होतो. पण प्रत्येक त्रासावर नर्स काहीतरी द्यायच्या आणि तो थोडा कमी व्हायचा. सगळं एकदम सोसावं लागत नाही. ज्या दिवसाचं त्या दिवशीच सोसायचं असतं.

मग तो दिवस आला. सकाळी दादाला खाली ऑपरेशनच्या खोलीत नेलं. वहिनी माझ्या खोलीतून बाहेर जाऊन त्या दारापाशी बसली. दुपारी ती परत आली, हात धुऊन, गाऊन घालून. "शुद्धीवर आले," एवढंच म्हणाली, आणि खुर्चीत बसून तिनं पहिल्यांदाच डोळे पुसले.

थोड्या वेळानं नर्सनी गडद लाल रंगाची पिशवी आणली. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं घडेल. काही घडलं नाही. सलाइन लावतात तशी ती पिशवी लावली आणि थेंब पडायला लागले. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, या पेशी हाडात कशा टाकणार? ते म्हणाले, टाकावं लागत नाही. रक्तातून फिरत फिरत त्या आपोआप हाडात जाऊन बसतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, मुलांना सांगितलंही होतं. तरी त्या दुपारी मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. माझ्या भावाच्या पेशी माझ्या अंगात आपलं घर शोधत फिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी दादा कमरेवर हात ठेवून काचेपाशी आला. आम्ही फोनवर बोललो, काचेच्या या बाजूनं आणि त्या बाजूनं. दुखतं का, मी विचारलं. "सायकलवरून पडल्यावानी दुखते," तो म्हणाला. "बाकी काई नाई. तुह्यं सांग."

वाट पाहणं

यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे. रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा यायचा आणि तो जवळजवळ शून्य असायचा. तोंडात फोड आले, थुंकीही गिळवेना. मग ताप आला. थंडीनं पलंग हलायला लागला. डॉक्टर आत-बाहेर करू लागले, एकामागून एक औषधं लागली. त्या वेळी मला खरंच वाटलं की मी जाणार.

मी वहिनीला म्हणाले, मला काही झालं तर सम्यकाकडे लक्ष द्या. ती माझे तळपाय चोळत होती. "तिच्याकडं मी तसंबी लक्ष देतो," ती म्हणाली. "तू तुह्यापुरतं पाय." ती मला आजवर ताई आणि तुम्ही म्हणत आली होती. त्या संध्याकाळी तिच्या नकळत 'तू' आलं, आणि ते राहिलं.

त्या आजारपणात मी तिला वाईटही वागवलं. एकदा भाताची वाटी ढकलून दिली आणि म्हणाले, मला तुमचे उपकार नकोत. तिनं वाटी उचलली, गादी पुसली. म्हणाली, "उपकार काहाचे? दोन घास खाऊन घे. तू जेवल्याशिवाय मले बाहेर जाऊन जेवता येत नाई, अन् मले भूक लागून राह्यली." मी दोन घास खाल्ले. मग तिसराही खाल्ला.

ताप उतरला. त्यानंतर एका सकाळी डॉक्टर आत आले आणि त्यांनी मास्कच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांनीच सांगितलं. आकडा हलला होता. दुसऱ्या दिवशी आणखी वर गेला, तिसऱ्या दिवशी आणखी. ग्राफ्ट लागला, म्हणजे दादाच्या पेशी रुजल्या, ते म्हणाले. दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हनजे डोळा धरला म्हना की." मी हो म्हणाले. मग त्यानं आईला फोन दिला. आई फक्त "माय माय" म्हणत राहिली.

पलीकडच्या खोलीतही एक गृहस्थ होते, यवतमाळकडचे. त्यांच्या बायकोची आणि वहिनीची बाहेर ओळख झाली होती. त्यांचा आकडा वर आला नाही. एका दुपारी ती खोली धुऊन निघाली. ते गेल्याचं वहिनीनं मला दोन दिवस सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण सगळ्यांचं माझ्यासारखं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मी वाचले यात माझी हिंमत वगैरे फारशी नव्हती. भाऊ जुळला, वेळेत पोचले, औषधांनी साथ दिली, आणि जवळ माणूस होतं.

घरी

घरी आल्यावरही बराच काळ गर्दी बंद, मास्क चालू. नव्या पेशींनी माझ्या शरीराशी भांडू नये म्हणून जे औषध असतं, त्यानं हात थरथरतात आणि चेहऱ्यावर लव वाढते. डोक्यावर केस नाहीत आणि गालावर आहेत, असे काही महिने गेले. सम्यका म्हणाली, आई, तू मामासारखी दिसायला लागलीस. आजारानंतर घरात तिघंही पहिल्यांदा पोट धरून हसलो ते तेव्हा. तळहातांवर लाल पुरळ उठलं, तेही औषधांनी गेलं. दादा होळीनंतर पुन्हा कामावर बसला. त्या वर्षीचा कलमांचा हंगाम त्याच्या हातून गेला होता. त्यानं किंवा वहिनीनं ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग एका तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की आता तुमच्या रक्तातल्या सगळ्या पेशी दात्याच्याच आहेत. मूलपेशी जुळायला रक्तगट एकच असावा लागत नाही; माझा बी होता, आता दादाचा ओ झाला. रक्तातली गुणसूत्रं तपासली तर ती पुरुषाची निघतात. शाळेत परतले तेव्हा दहावीच्या वर्गात मी हे सांगितलं. मूलपेशींचे उपयोग हा भाग पुस्तकात पाऊण पानाचा आहे. त्या दिवशी तो पूर्ण तास चालला आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. फळ्यावर मी पेशीचं चित्र काढलं. हात थरथरत होता, त्यामुळे केंद्रक जरा वेडंवाकडं आलं. मुलांनी तसंच उतरवून घेतलं.

लस

नव्या मज्जेला जुनं काही आठवत नाही. लहानपणी घेतलेल्या लसींची ओळख जुन्या पेशींबरोबर गेलेली असते, म्हणून त्या पहिल्यापासून पुन्हा घ्याव्या लागतात. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आणि आर्वीच्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्या टोचायचं कबूल केलं. लसीच्या दिवशी वहिनी तळेगावहून येते. न बोलावता येते.

त्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याच्या भिंतींवर हत्ती आणि फुगे रंगवलेले आहेत. बाकांवर मांडीत बाळं घेतलेल्या मुली बसलेल्या असतात. मागच्या वेळी टेबलाशी नवी रिसेप्शनिस्ट होती. तिनं वर न पाहता विचारलं, बाळाचं नाव? मी माझं नाव सांगितलं. तिनं लिहिलं आणि पुन्हा विचारलं, "बाळ कुठाय?"

"हेच हाय," वहिनी म्हणाली.

बाकावरच्या मुली हसल्या, मीही हसले. मग आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरांनी सवयीनं नेहमीचा प्रश्न विचारला, मागच्या लसीनंतर काही त्रास झाला होता का. मी तोंड उघडणार त्याआधी वहिनी पुढे सरकली. "दुसऱ्या दिवशी थोडासक ताप आलता. दंड सुजलता. जेवन नाई केलं, पन दूध पेली. मंग झोपली अन् सकायी उठली त ताप नाई."

ती थट्टा करत नव्हती. मागच्या लसीनंतर ती आमच्याकडे राहून माझ्याजवळ बसली होती, पहिल्या लसीनंतरही तशीच.

सुई टोचून झाली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दंडावर ठेवला आणि दाबून धरायला सांगितलं. मी हात नेण्याआधी तिथे वहिनीचा अंगठा होता. आम्ही बाहेर आलो, चपला घातल्या, रस्ता ओलांडला. रक्त केव्हाच थांबलं होतं. तिनं अंगठा काढला नाही आणि मीही तिला काढ म्हटलं नाही.